मार्कनं जेम्माला दारात सोडलं, हे तुम्हाला पटलं का? ('सेव्हरन्स', सीझन २ चा शेवट)

चष्मेवाली

शेवटचा भाग पाहिला नसेल तर इथूनच मागं फिरा. नंतर मला बोल लावू नका, सगळं सांगणार आहे.

मालिका न पाहिलेल्यांसाठी : ल्युमन कंपनीत काही नोकरदारांच्या मेंदूत चिप बसवून ऑफिसातल्या आणि बाहेरच्या आठवणी वेगळ्या केलेल्या असतात, म्हणजे एकाच अंगात दोन माणसं, आणि दार किंवा लिफ्ट ओलांडली की एक जाऊन दुसरा येतो. जेम्मा ही मार्कची बायको, आणि हेली ही ऑफिसातल्या मार्कची प्रेयसी.

या भागावरून आमच्या घरात दोन दिवस अबोला आहे. म्हणजे अगदी पूर्ण नाही, 'चार्जर कुठंय' इतपत चालू आहे. मी आणि माझा मुलगा (वय २३, पहिली नोकरी, सात महिने झाले) ही मालिका मिळून बघतो. एकट्यानं पुढचा भाग बघायचा नाही असा करार आहे आणि तो दोघांनीही पाळलाय. त्यामुळं शेवट बघताना दोघंही त्याच सोफ्यावर होतो. मी उशी फेकून मारली आणि तो टाळ्या वाजवत होता.

ते शेवटचे क्षण आठवा. अलार्म वाजतोय, सगळीकडं लाल दिवे. मार्क जेम्माला हाताला धरून पळवत जिन्याच्या दाराशी आणतो, बाहेर ढकलतो. ती बाहेर गेल्याबरोबर शुद्धीवर येते, म्हणजे खरी जेम्मा होते, आणि त्याला बोलवायला लागते. आता या माणसानं काय करायचं? एक पाऊल टाकायचं. एकच! बायको मेली म्हणून याच्या बाहेरच्या मार्कनं रडत रडत मेंदूत चिप बसवून घेतली, ती बायको जिवंत निघाली, हाताच्या अंतरावर उभी आहे. आणि मागं हेली येऊन उभी राहते. हा बाबा इकडं बघतो, तिकडं बघतो, आणि वळतो.

जेम्माचं तोंड डोळ्यांसमोरून जात नाही. सातव्या भागात मी रडले होते ते तिच्यासाठी. दोन वर्षांहून जास्त काळ ती बाई ल्युमनच्या त्या तळघरात. एका खोलीत शिरली की दाताचा डॉक्टर, दुसऱ्या खोलीत हेलकावे खाणारं विमान, तिसऱ्या खोलीत हात मोडेस्तोवर आभाराची पत्रं लिहायची. प्रत्येक खोलीसाठी तिच्यातून एक वेगळी बाई काढलेली, जिला त्या खोलीपलीकडचं काही ठाऊक नाही. हे सगळं सोसून ती दारापर्यंत पोचली आणि नवरा परत आत गेला.

मुलाचं म्हणणं एका वाक्याचं : 'आई, तो तिचा नवरा नाहीच.' असं कसं नाही? चेहरा तोच, हात तोच, अंगातलं रक्त तेच. ऑफिसातलं आठवत नाही म्हणून माणूस बदलतो का?

तुम्हाला पटलं का? पटलं असेल तर कुठल्या हिशेबानं, ते जरा उलगडून सांगा. 'खूप भारी एंडिंग' एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू, तेवढं घरी ऐकलंय.

अर्धवटराव

ताई, मी तुमच्या चिरंजीवांच्या बाजूनं. आणि माझ्या मते निकाल दारात लागलाच नाही, तो सुरुवातीच्या त्या केबिनमध्येच लागला होता. व्हिडिओ कॅमेऱ्याचा प्रसंग पुन्हा बघा.

रचना काय आहे बघा. केबिनच्या आत असला की तो इनी, म्हणजे ऑफिसातला मार्क. दारातून बाहेरच्या कट्ट्यावर गेला की आउटी, म्हणजे बाहेरचा मार्क. दोघं एकमेकांना कधीच भेटू शकत नाहीत, म्हणून एक जण निरोप रेकॉर्ड करून ठेवतो, दार ओलांडतो, दुसरा तो बघतो आणि उत्तर रेकॉर्ड करतो. दहाएक मिनिटं एकच नट स्वतःशी भांडतोय आणि आपण श्वास रोखून बघतोय. अॅडम स्कॉटला त्यासाठी दंडवत.

आता आउटी कसा बोलतो ते ऐका. आधी माफी. मग 'आपण दोघं मिळून'. मग वचन : जेम्माला बाहेर काढ, नंतर आपल्या दोघांच्या आठवणी एकत्र करून घेऊ, म्हणजे तूही राहशील. आवाज अगदी मऊ. हा आवाज मी नोकरीत ऐकलाय. काम जास्त द्यायचं असतं आणि पगार वाढवायचा नसतो, तेव्हा वरचे असेच बोलतात, 'आपण एक कुटुंब आहोत' वगैरे. इनी आधी ऐकून घेतो. मग त्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. तुझं आयुष्य चाळीसेक वर्षांचं, माझं दोन. एकत्र केलं तर माझं उरणार किती? बादलीभर पाण्यात चमचाभर साखर.

आणि मग तो शब्द येतो. आउटीला दाखवायचंय की तुझ्या प्रेमाची मला कदर आहे, म्हणून तो हेलीचं नाव घेतो आणि म्हणतो 'हेलेनी'.

हेलेनी!

ज्या मुलीसाठी हा माणूस जीव टाकतो तिचं नावसुद्धा समोरच्यानं नीट विचारून घेतलेलं नाही. आणि हाच म्हणतोय की माझ्यावर विश्वास ठेव, मी तुला मिटवणार नाही. माझ्यासाठी जेम्माचा नवरा तिथंच हरला. इनीनं पुढं तिला वाचवलं हाच त्याचा मोठेपणा. त्याला ते करायची काही गरज नव्हती. दुसऱ्याच्या बायकोसाठी जीव धोक्यात घातला, तिला सुखरूप बाहेर पोचवलं, वर तुम्ही म्हणता स्वतः पण मर.

तो एक पाऊल टाकतो म्हणजे काय होतं? तो संपतो. ल्युमननं हा मजला पुन्हा उघडला नाही तर कायमचा.

टाचणी

तुम्ही लोक इतका खोल विचार करताय, मला मात्र सरळ राग आलाय.

पहिला सीझन संपला ८ एप्रिल २०२२ ला, मार्क 'ती जिवंत आहे' असं ओरडतो तिथं. दुसरा सुरू झाला १७ जानेवारी २०२५ ला. पावणेतीन वर्षं! मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस, नटांचा ११८ दिवस, ते समजू शकते, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण एवढं थांबवून काय दिलंत? दोघं हात धरून पळतायत, चित्र थिजलं, त्यावर जुनं गाणं, संपलं. आणि त्याच दिवशी तिसऱ्या सीझनची घोषणा. म्हणजे दुकान चालू ठेवायचं ठरलेलंच होतं.

गंमत सांगते. हा भाग आला २१ मार्च २०२५ ला. बरोबर ४५ वर्षांपूर्वी, २१ मार्च १९८० ला, अमेरिकेत 'डॅलस'चा सीझन असाच संपवला होता : जे. आर. या मुख्य पात्राला कुणीतरी गोळी घालतं आणि पडदा. कुणी घातली ते सांगायला नोव्हेंबरची २१ तारीख उजाडली, कारण मध्ये नटांचा संप! उत्तर ऐकायला तिथं आठ कोटींहून जास्त लोक टीव्हीसमोर बसले होते. तेव्हापासून सगळ्यांना ही चटक लागलीय. प्रेक्षकाला उंबऱ्यावर लटकवून ठेवायचं. (पण त्यांनी निदान आठ महिन्यांत सांगितलं तरी.)

आणि बकऱ्या? ल्युमनमध्ये बकऱ्या कशाला पाळल्यात, याच्या उत्तराची दोन सीझन मी वाट बघतेय. उत्तर काय, तर जेम्माच्या आत्म्याला वाट दाखवायला बळी. हे उत्तर आहे का? एवढी चिप बनवणारी कंपनी आणि आत सगळा बुवाबाजीचा कारभार.

बँडचा प्रसंग मात्र मी चारदा बघितला. मिलचिक (ऑफिसातला त्यांचा साहेब) ज्या ऐटीत नाचतो ना! त्याच्या रागासकट नाचतो. त्याचं काम करणाऱ्या ट्रॅमेल टिलमनला सप्टेंबर २०२५ मध्ये एमी पुरस्कार मिळाला तेव्हा घरात मीच ओरडले.

अर्धवटराव

@टाचणी, जे. आर. ची गोळी आणि हे एक नाही हो. तिथं माहिती लपवली होती. इथं काहीच लपवलेलं नाही. त्यानं निवड केली, आपण ती बघितली. पुढं पकडले जातील, मारले जातील, तो वेगळा भाग. पळून जायला जागा नाही हे त्या दोघांनाही कळतंय, म्हणून तर चित्र तिथं थांबवलं. बकऱ्यांबाबत सहमत.

खिळा

एक माहिती देतो, कदाचित कामाची आहे. ही मालिका ज्याच्या डोक्यातून आली तो डॅन एरिक्सन (हा शेवटचा भागही त्यानंच लिहिलाय, दिग्दर्शन बेन स्टिलरचं) लॉस एंजेलिसमध्ये दारं बनवणाऱ्या कंपनीत साधी ऑफिसची नोकरी करत होता. रोज सकाळी जाताना त्याला वाटायचं की हे आठ तास आपल्याला न कळता निघून जावेत. त्यातून ही कल्पना सुचली.

दारांची कंपनी! आता हा भाग दारं मोजत बघा. केबिनचं दार, लिफ्टचं दार, ज्यात मिलचिकला कोंडतात ते बाथरूमचं दार (हेली आणि मार्कचा सहकारी डिलन मिळून बाहेरून खाऊचं मशीन लावतात, तिथं मी लहान मुलासारखा हसलो), जेम्माला ज्या शेवटच्या खोलीत नेतात त्या कोल्ड हार्बरचं, रक्तानं उघडणारं दार, आणि शेवटचं जिन्याचं. माणूस तोच, दार ओलांडलं की वेगळा. लेखकानं नोकरीचा सूड उगवलाय.

माझा आवडता तुकडा लिफ्टचा आहे, त्यावर कुणीच बोलत नाहीये. दोनदा वापरलाय. खाली जाताना मार्कच्या हातात पिस्तूल, ल्युमनच्या ड्रमंड नावाच्या अधिकाऱ्याच्या मानेशी लावलेलं. लिफ्ट खाली उतरते, मार्क बदलतो, आणि बदलताना अंगाला जो झटका बसतो त्यात बोट दाबलं जातं. नव्यानं जागा झालेल्या माणसाला कळेपर्यंत समोरचा माणूस रक्ताच्या थारोळ्यात. इतका बावळट आणि इतका तर्कशुद्ध मृत्यू मी पडद्यावर पाहिलेला नाही. पहिल्या भागापासून आपल्याला माहीत असलेल्या नियमानंच तो मारला.

आणि वर येताना मार्क आणि जेम्मा चुंबन घेतायत. इतक्या वर्षांनी भेटलेले नवरा-बायको. लिफ्ट वर सरकते आणि ओठाला ओठ असतानाच दोघंही बदलतात. आता तिथं मार्क एस. आणि मिस केसी (म्हणजे ऑफिसातला मार्क आणि ऑफिसातली जेम्मा) उभे आहेत, एकमेकांचे ओळखीचे, आणि दोघांनाही कळत नाही की आपण हे काय करतोय. चष्मेवाली ताई, तुमच्या 'चेहरा तोच, हात तोच'चं उत्तर मला तिथं मिळालं. ओठसुद्धा तेच होते.

चष्मेवाली

ओठांचं वाचून काल रात्री मुलाच्या खोलीत गेले आणि म्हटलं, लाव परत. अबोला संपला. भाग संपेस्तोवर एक वाजला.

खिळा, तुमचं लिफ्टचं बरोबर आहे. अर्धवटराव, 'हेलेनी'ला पहिल्यांदा बघताना मी हसले होते. माझ्या नावाचा पहिल्या साहेबांनी अकरा वर्षं चुकीचा उच्चार केला. मी एकदाच दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. काल तो शब्द आला तेव्हा हसू आलं नाही.

पण मला काल वेगळंच दिसलं आणि त्यावर तुमच्यापैकी कुणी लिहिलेलं नाही.

कोल्ड हार्बरची खोली. आत काय, तर पाळणा. मूल राहिलं नाही तेव्हा मार्कनं घरी संतापून खोलला होता तोच. जेम्माला आत पाठवतात आणि सांगतात, हा सुटा कर. आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख हातात दिलंय आणि ती शांतपणे एकेक स्क्रू काढतेय, फर्निचरच्या दुकानातून आल्यासारखी. बघणारे खूश, कारण काहीच आत झिरपलेलं नाही. मला पहिल्यांदा वाटलं होतं की सगळ्यात भयंकर हेच.

मग रक्तानं माखलेला मार्क आत येतो. ती त्याला ओळखत नाही. ही बाई किती जुनी आहे? काही मिनिटं. त्या खोलीत शिरली तेव्हा जन्मली. समोर अनोळखी माणूस, अंगावर रक्त, म्हणतोय मी तुझा नवरा, चल. आणि ती त्याचा हात धरते. काही आठवत नसताना. पाळण्यापासून उठते, दारापर्यंत येते, उंबरा ओलांडते.

आणि संपते. पलीकडं जेम्मा उघडते डोळे, मिठी मारते, आपण सगळे रडतो. ती पाळणेवाली कुठं गेली? अर्धवटराव, तुमचा हिशेब लावला तर आउटी मार्कनं तिला तिच्या मरणाकडं हाताला धरून नेलं, आणि तिला सांगितलंसुद्धा नाही. थोड्याच वेळानं तसंच दार त्याच्या इनीसमोर आलं. त्यानं ऐकलं नाही कारण त्याला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

हे मी भाग थांबवून मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, तिला तर नाव पण नव्हतं.

जेम्मावर अन्याय झाला हे माझं मत बदललेलं नाही. मार्कचा राग मात्र आता धड येत नाहीये, आणि त्याचाच मला राग येतोय.

मुलानं विचारलं, 'मग आता तू कुणाच्या बाजूनं?' मी म्हटलं, आधी सातवा भाग लाव.