प्रतिसाद: क्रिएटिनिन 1.4, ईसीजी नॉर्मल. मग हृदयाला धोका आहे का?

खानापूरच्या ताई, आईंचा ईसीजी नॉर्मल आहे हे बरंच, पण तो त्या क्षणापुरता असतो. पुढच्या दहा वर्षांचा अंदाज त्यातून येत नाही. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, आणि त्याचा 1.4 हा आकडाही फसवा. साठीच्या पुरुषात त्यावरून ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज, कमी म्हणजे किडनी कमजोर) साधारण 57 येतो, साठीच्या बाईत 43च!

राहिलेली तपासणी म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर. 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या आत ठीक, 300 च्या वर हृदयाचा धोका बराच वाढतो. सकाळची पहिली लघवी द्या. ताप किंवा लघवीत जंतुसंसर्ग असेल तर थांबा, आकडा खोटा वाढतो. जास्त आला तर तीन महिन्यांत पुन्हा करा.

हृदयाचा पुढचा धोका मोजायच्या जुन्या फ्रॅमिंगहॅम गणितात किडनी धरलेलीच नाही. 2023 च्या 'प्रिव्हेंट' या नव्या गणितात ईजीएफआर आहे, ते वापरायला सांगा. बीपी जुनं असेल तर एकदा इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करा, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली त्यात दिसते.

छातीत दुखलं तर बेळगाव गाठताना जुने रिपोर्ट सोबत हवेतच. किडनीच्या रुग्णात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) एरवीही वाढलेलं असू शकतं, म्हणून काही तासांनी पुन्हा तपासून फरक बघतात.

आणि किडनी कमजोर असेल तर पन्नाशीपुढे कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) डॉक्टरांना विचाराच.