घरातल्या मांजरीच्या शिंका: कधी घाबरायचं?

"मांजर बाहेर जातच नाही, मग संसर्ग कुठून होणार?" असं कुणीतरी विचारलंय. होतो. शिंका आणणारा मांजरांचा हर्पिस विषाणू बहुतेकदा पिल्लू असतानाच लागतो आणि जन्मभर अंगात दबा धरून बसतो. घरात रंगकाम निघालं, पाहुणे आले, नवं पिल्लू आणलं की त्या ताणाने डोकं वर काढतो. शिंका आणणारा दुसरा, कॅलिसी विषाणू तर आपल्या कपड्या-चपलांवरूनही घरात येऊ शकतो. लस घेतली असली तर त्रास सौम्य होतो, एवढंच.

एखाद-दोन शिंका, खाणं-खेळणं नेहमीसारखं असेल, तर आधी उदबत्ती, डासांची कॉइल आणि लिटरची (मांजरीच्या शी-शूसाठीच्या मातीची) धूळ यांचा बंदोबस्त करा. (धूप लावणाऱ्या सासूबाईंना सांगणं तुमच्यावर!)

मी शिंका मोजत नाही, नाक आणि ताटली बघते. पिवळा-हिरवा शेंबूड, चिकटलेले डोळे, जिभेवर फोड दिसले की डॉक्टर. एकाच नाकपुडीतून वाहत असेल किंवा रक्त येत असेल तर आत काही अडकलंय का, दाताचं मूळ सडलंय का, हे तपासून घ्यावं लागतं. नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास नाही तर मांजर जेवणाला तोंड लावत नाही. ओलं खाणं कोमट करून द्या. तरी दिवसभर उपाशी राहिली तर थांबू नका. लठ्ठ मांजरीच्या यकृतात उपासाने चरबी साचते. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर मध्यरात्रीही न्या.

आणि कुणी सुचवली तरी पॅरासिटामॉलची पाव गोळी कृपा करून देऊ नका, मांजरांना ते विष आहे. निलगिरीची वाफही नको.