कांपालला मांडवीकाठी रात्रभराची मैफल: परवानगी असावी का?

कोमल_निषाद:
माझं ठाम मत आहे की असावी. पणजीत कांपालला कला अकादमीचं खुलं नाट्यगृह मांडवी नदीला लागून आहे. तिथे वर्षातून एक रात्र शास्त्रीय गाण्याला मिळावी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्याला सवलत देता येते, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस आणि फक्त मध्यरात्रीपर्यंत. पुण्याचा १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, तोही आवरता घ्यावा लागला. रात्री दरबारी, अडाणा, मग उजाडताना ललित हा रागांचा क्रम नव्या श्रोत्यांनी कुठे ऐकायचा?

बेतीकर:
तुम्ही ऐकाल, आम्ही जागू. आम्ही पैलतीरावर राहतो. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून थेट घरात येतो. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. घरात आजारी माणूस असलं की एक रात्रही लांब वाटते.

कोमल_निषाद:
नदीत कॅसिनोची जहाजं रात्रभर चालतात, ती चालतात आणि तानपुरा चालत नाही? कर्णे कमी ठेवू, श्रोत्यांकडेच वळवू.

ओलिव्ह_रिडले:
कॅसिनो चालतात म्हणून आणखी एक आवाज वाढवायचा, हे मला मुळीच पटत नाही. शिवाय नियम राग बघत नाही, आवाज मोजतो. आज कांपालला दरबारीसाठी दार उघडलं, तर उद्या वागातोर किनाऱ्यावरच्या पार्ट्यांना कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? मोरजी, आगोंदला कासवं अंडी घालायला येतात तो काळ आणि पार्ट्यांचा हंगाम एकच. पार्ट्यांच्या प्रखर उजेडानं पिल्लं समुद्राऐवजी भलत्याच दिशेला जातात. या किनाऱ्यांना रात्रीचा नियम फार मोलाचा आहे.

सांगेचो:
मग माईकशिवाय करा. पूर्वी होत नव्हत्या का बैठका?

बेतीकर:
तेही उघड्यावर नियमात बसत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यंसुद्धा त्या नियमात आली. बंदिस्त सभागृहाला मात्र मुभा आहे. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद रवींद्र सरोवराकाठच्या नझरुल मंचात रात्रभर होते, पण छपराखाली. कला अकादमीतच दीनानाथ मंगेशकर कलामंदिर आहे. आवाज बाहेर येणार नाही याची काळजी घेऊन तिथे करा. माझा विरोध गाण्याला नाही.

कोमल_निषाद:
कासवांचा मुद्दा मान्य. म्हणून सवलत जागेचं नाव घालूनच द्यावी, किनारपट्टीला सरसकट नको. दीनानाथमध्ये यंदा जरूर व्हावी, तशी मागणी मी अकादमीकडे करणार आहे. पण बंद सभागृहात उजाडतंय हे कळत नाही, आणि ललितला तेच तर हवं असतं. खुल्या जागेची मागणी मी सोडलेली नाही.