वहिनीनं कुणाचं काय वाईट केलं होतं? देव चांगला आहे हे आता कसं धरून ठेवायचं?

मलप्रभाकाठ
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, आमचं घर ख्रिस्ती. माझ्या वहिनीच्या दोन्ही किडन्या गेल्यात, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला बेळगावला न्यावं लागतं, पहाटेची बस, चार तास मशीन, परत येताना अंगात काही राहिलेलं नसतं तिच्या. पाणी मोजून, एक फुलपात्र भरून ठेवायचं आणि तेच घोट घोट करून पुरवायचं. आजूबाजूच्या कुठल्याही घरात आजारपण, बाळंतपण असलं की पहिली धावणारी हीच, हे गावात कुणालाही विचारा. परवा घरी प्रार्थनेला आले होते त्यातल्या एकानं सरळ तिच्या तोंडावर विचारलं, काही लपवलेलं पाप असेल तर कबूल कर म्हणजे बरी होशील. ती काही बोलली नाही, आत जाऊन सगळ्यांना चहा ठेवला, स्वतःला तर तो घेताही येत नाही. रात्रभर माझा डोळा लागला नाही. सगळं देवाच्या हातात आहे म्हणतो आपण, मग हेही त्याच्याच हातून आलं ना? आणि तो चांगला आहे हेही खरं, तर दोन्ही एकत्र कसं धरायचं?

कॅम्पमधला
भाऊ, आधी त्या पापाच्या प्रश्नाचं बघू, कारण त्याचा मला फार राग आला. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाचा 9 वा अध्याय वाचा, जन्मांध माणसाला बघून शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणतो याचंही नाही, आईबापाचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले तेव्हाही तेच, ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते? नाही म्हणाला.
आणि ईयोब, बायबलातला तो नीतिमान माणूस, ज्याची मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गेलं. आपल्याकडे मयताच्या घरी पहिल्या अध्यायातलं वाक्य म्हणतात, देवानं दिलं देवानं नेलं, आणि तिथंच पुस्तक मिटतात. तिसऱ्या अध्यायात तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो ते कुणी वाचत नाही. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद, सोफर सात दिवस सात रात्री गप्प बसले तेवढंच काय ते बरं केलं, तोंड उघडल्यावर तुझंच काहीतरी चुकलं असणार हेच लावून धरलं. शेवटी, 42 व्या अध्यायात, देव रागावतो तो या मित्रांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही! आणि ईयोबाला कारण शेवटपर्यंत कळत नाही, स्वर्गात देवाचं आणि सैतानाचं त्याच्याबद्दल काय बोलणं झालं ते आपण वाचणारे जाणतो, त्याला नाही. त्याला देव भेटतो, उत्तर मिळत नाही. दोन्ही गोष्टींचा मेळ बसवून दाखवणं आपल्याकडून होणार नाही, पण ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्याच पुढ्यात जाऊन रडता येतं, आणि मला तरी हाच विश्वास वाटतो.

आशा_चिकोडी
परीक्षा असते दादा, सगळं शेवटी चांगल्यासाठीच होतं, योसेफाचं बघा. प्रार्थनेत आठवण ठेवते.

कॅम्पमधला
ताई, तुमचं मन चांगलं आहे हे कळतं, पण योसेफाला भावांनीच सतराव्या वर्षी खड्ड्यात टाकून विकलं, फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तिसाव्या वर्षी, आणि तुम्ही वाईट योजलं पण देवानं चांगलं योजलं हे भावांना तो म्हणाला ते तर बाप गेल्यानंतर. खड्ड्यात असताना वरून कुणी त्याला हे ऐकवलं नाही. वहिनींना म्हणायचं असेल तर त्या म्हणतील, आपण त्यांच्या वतीनं म्हणू नये असं मला वाटतं.

निपाणीकडचा
मी माळकरी हाय, तुमच्यातलं मला काय कळत न्हाई, तरी लिवतो. 2019 ला वेदगंगेचं पाणी घरात आलं, मागची भिंत गेली, तवा मी इठ्ठलाला नाय नाय ते बोललो बगा. तुकोबांचं तरी काय झालं, 1630 च्या दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, पोरगा गेला, धंदा बसला, आणि देवाशी भांडले किती ते गाथेत हाय की सगळं. पण भांडले ते त्याच्याशीच, त्येला सोडून दुसरीकडं गेले न्हाईत. वहिनीस्नी बोलू द्या, आडवू नका.

मलप्रभाकाठ
दादा, हे वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग मी देवाला रागानं बोलले तर चालेल का? काय सांगू तिला?

कॅम्पमधला
चालेल म्हणा. बायबलातलं स्तोत्र 88 दोघांनी मिळून वाचा. सुरुवात आहे माझ्या तारणाऱ्या देवा अशी, आणि शेवट अंधारात, पुढं उजाडत नाही. तरी ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

शहापूरची_काकू
माझे हे डायलिसिसवर होते म्हणून सांगते. भेटायला येणारे शहाळं आणतात, ते अजिबात देऊ नको बाळा, पोटॅशियम असतं त्यात, केळीसुद्धा नको. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी टाकून मग फोडणी, तरी तिला काय चालेल ते डॉक्टरांना विचारून घे. आमच्याकडे पण कारण सांगणारे खूप आले. एक बाई मात्र काही न बोलता यायची, ह्यांच्याजवळ बसायची आणि म्हणायची, तू घरी जा, पाठ टेक जरा. देव चांगला आहे हे मला त्या दिवसांत तिच्यामुळं धरता आलं, जास्त मला सांगता येत नाही. शुक्रवारी कुठल्या दवाखान्यात असता ते मला वेगळं कळव, इथं नको लिहू. मी डबा घेऊन येते, मीठ कमी घालून, आणि मशीन संपेपर्यंत मी बसते तिच्याजवळ, तू तेवढ्यात काहीतरी खाऊन ये.