समीकरणातला छेद जातो कुठे?

जुळे सोलापूर (पालक):
माझी मुलगी आठवीत आहे. (क्ष + ३)/४ − (क्ष − १)/६ = १ हे समीकरण सोडवताना तिने १२ हा लसावि बरोबर काढला, तरी तिचे उत्तर −१० आले; पुस्तकात १ दिले आहे. शिवाय तिने मला विचारले की, अपूर्णांकांची बेरीज करताना छेद शेवटपर्यंत खाली राहतो, मग समीकरणात तो उडवायचा कसा? शिकवणीत ‘छेद उडवा’ एवढेच सांगितले जाते. तिला काय उत्तर द्यावे?

पूर्व भागातला शिक्षक:
आपल्या मुलीची शंका रास्त आहे आणि चुकीचे मूळही तिथेच आहे. बेरजेत आपल्यापुढे एकच राशी असते. तिला १२ ने गुणले तर तिची किंमतच बदलेल, म्हणून १२ छेदात ठेवावा लागतो. समीकरणात दोन समान बाजू असतात, आणि दोन्ही बाजूंना शून्याखेरीज कोणत्याही एकाच संख्येने गुणले तरी त्या समानच राहतात. मात्र हा गुणाकार प्रत्येक पदाला लागतो, उजवीकडच्या एकट्या १ लासुद्धा:

३(क्ष + ३) − २(क्ष − १) = १२
३क्ष + ९ − २क्ष + २ = १२
क्ष + ११ = १२, म्हणून क्ष = १.

तिने उजवीकडचा १ तसाच ठेवला असणार. −१० घेऊन ताळा करून पाहावा: −७/४ + ११/६ = १/१२. जिथे १ यायला हवा तिथे नेमका त्याचा बारावा भाग आला, कारण डावी बाजू बारापट झाली आणि उजवी झालीच नाही.

बाळीवेस:
याच गणितात आणखी एक खड्डा आहे. दुसऱ्या अपूर्णांकाआधी वजा चिन्ह आहे आणि अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचे काम करते. कंस न लिहिता घाईने −२क्ष − २ केले की उत्तर ५ येते. आमच्याकडे मुलांना पहिली पायरी कंसासह लिहिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. वहीत एक ओळ वाढते, पण चिन्हांचा घोळ टळतो.

होटगी रोड:
थोडे विषयाला धरून, थोडे बाजूचे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) इष्टकर्म नावाची रीत दिली आहे. समजा, एका कारखान्यातील सुतापैकी १/३ चादरींना आणि १/४ टॉवेलांना लागले व १०० किलो उरले. एकूण सूत १२ किलो मानले, तर ४ आणि ३ वजा जाऊन ५ उरतात; प्रत्यक्षात १०० उरले आहेत, म्हणून १२ × १०० ÷ ५ = २४० किलो. सोयीची संख्या निवडल्यामुळे छेदांचा त्रासच होत नाही.

जुळे सोलापूर (पालक):
मनःपूर्वक आभार. तिने उजवीकडचा १ खरोखरच तसाच ठेवला होता. ही इष्टकर्माची रीत मूळ समीकरणालाही चालेल का?

पूर्व भागातला शिक्षक:
थेट चालणार नाही. क्ष = १२ मानल्यास डावी बाजू २३/१२ येते आणि त्या प्रमाणात १४४/२३ असे चुकीचे उत्तर निघते. क्ष दुप्पट केल्यावर डावी बाजूही दुप्पट होत असेल तरच ही रीत लागू पडते. इथे अंशांतल्या +३ आणि −१ मुळे तसे होत नाही. त्यामुळे इथे लसाविनेच गुणावे.