ठरवून दिलेल्या पुराव्याच्या तारखा दिवाणी न्यायालयाकडून बदलून मिळतात का?

करवीरकर (प्रश्न):
करवीर तालुक्यातील वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचा दावा कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयात चालू असून माझी आई त्यात प्रतिवादी आहे. वादीचा पुरावा संपल्यावर न्यायालयाने आमच्या पुराव्याच्या तारखा एकाच आदेशाने ठरवून दिल्या. प्रथम आईचा उलटतपास, नंतर आमचे दोन साक्षीदार, आणि यापुढे मुदत मिळणार नाही, अशी रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदवहीत) नोंद आहे. त्यानंतर आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, ती नेमकी तिच्या उलटतपासाच्या आठवड्यातील आहे. आमचे वकीलसाहेब पुनर्विलोकनाचा (त्याच न्यायालयाने आपला आदेश पुन्हा तपासावा असा) अर्ज सुचवतात, तर एक परिचित साधा मुदतीचा अर्ज पुरेसा असल्याचे सांगतात. मूळ आदेश चुकीचा होता असे आमचे म्हणणे नाही. अशा वेळी कोणता अर्ज द्यावा?

बाररूम:
आदेश चुकीचा नव्हता असे आपणच म्हणता, म्हणजे पुनर्विलोकनाचा पाया राहत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४७, नियम १ प्रमाणे (इथे क्रमांकासह ‘आदेश’ म्हणजे संहितेतील प्रकरण) त्यासाठी अभिलेखावर उघड दिसणारी चूक, पूर्वी प्रयत्न करूनही हाती न लागलेला महत्त्वाचा पुरावा किंवा तशाच स्वरूपाचे पुरेसे कारण लागते. तारखा ठरवणाऱ्या आदेशाने कोणाच्या हक्काचा निर्णय होत नाही; नवी परिस्थिती दाखवून असे अंतरिम आदेश त्याच न्यायालयाकडून बदलून घेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अर्जुन सिंग विरुद्ध मोहिंद्र कुमार या १९६३ च्या निकालापासून मान्य असलेले तत्त्व आहे. म्हणून अर्ज संहितेच्या कलम १५१ खाली, म्हणजे न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांखाली द्यावा.

मात्र त्यात मुदत मागू नका, क्रम बदलून मागा. आदेश १८, नियम ३-अ प्रमाणे पक्षकाराला स्वतः साक्ष द्यायची असेल तर त्याने आपल्या इतर साक्षीदारांच्या आधी उभे राहावे लागते, परंतु न्यायालय कारणे नोंदवून त्याला नंतर साक्ष देण्याची परवानगी देऊ शकते. आईच्या तारखेला दोन साक्षीदार हजर ठेवण्याची तयारी दाखवा आणि साक्षीदारांच्या तारखेला आईचा उलटतपास घ्यावा अशी विनंती करा. पुरावा संपण्याची शेवटची तारीख जागेवरच राहते, त्यामुळे न्यायाधीशांना असा अर्ज नाकारण्याचे कारण फारसे उरत नाही. ‘आठ आठवड्यांची मुदत मिळावी’ असे मोघम लिहिलेला अर्ज आणि हा अर्ज यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

जुना कारकून:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, परंतु अर्ज लिहिण्याआधी त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढून नीट वाचावी. दावा ठरावीक कालावधीत निकाली काढण्याचे उच्च न्यायालयाचे निर्देश असतील आणि तारखा त्यावरून पडल्या असतील, तर शेवटची तारीख ओलांडण्यासाठी उच्च न्यायालयाकडूनच मुदतवाढ घ्यावी लागेल. केवळ अंतर्गत क्रम बदलायचा असेल तर ही अडचण सहसा येत नाही.

अर्ज तारखेच्या दिवशी सकाळी देऊ नये, त्याच्या बराच आधी द्यावा; त्या दिवशी दिलेला अर्ज, त्याचा मथळा काहीही असो, तहकुबीचा अर्ज म्हणूनच पाहिला जातो. सोबत आईचे शपथपत्र, रुग्णालयाचे तारीख नमूद केलेले पत्र आणि दोन्ही साक्षीदारांची सरतपासाची (आपल्याच बाजूने द्यायच्या मूळ साक्षीची) शपथपत्रे जोडावीत व प्रत वादीच्या वकिलांना देऊन पोच घ्यावी, म्हणजे त्यांचे म्हणणे येण्यातच आणखी एक तारीख जाणार नाही. ‘वकील दुसऱ्या न्यायालयात व्यस्त आहेत’ असे कारण जोडण्याचा मोह टाळावा, कारण आदेश १७, नियम १ ने ते स्पष्ट शब्दांत अग्राह्य ठरवले आहे.

करवीरकर:
दोघांचेही आभार. तारखा उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून पडलेल्या नाहीत, हे आज नक्कल वाचून समजले. वादीपक्ष विरोध करणार हे उघड आहे. अर्ज नामंजूर झाल्यास अपील करता येईल का?

पंचगंगाकाठ:
नाही. ज्या आदेशांविरुद्ध अपील चालते त्यांची यादी आदेश ४३ मध्ये आहे आणि त्यात हा आदेश बसत नाही. २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ११५ चा पुनरीक्षण अर्जही (खालच्या न्यायालयाचा आदेश उच्च न्यायालयाने तपासावा असा अर्ज) अशा आदेशाविरुद्ध टिकत नाही. उरतो तो संविधानाच्या अनुच्छेद २२७ खालील रिट अर्ज. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालू झाले आहे. (वकिलांनी व पक्षकारांनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलने केली, त्याचे मोल अशा लहान प्रकरणांतच कळते.) तरीही तारखांच्या प्रश्नात उच्च न्यायालय क्वचितच हात घालते, आणि रिट दाखल केल्याने खालच्या न्यायालयाचे कामकाज आपोआप थांबत नाही.

म्हणून पर्यायी विनंती त्याच अर्जात लिहून ठेवणे अधिक शहाणपणाचे: क्रम बदलणे शक्य नसल्यास आदेश २६ खाली आयुक्त (न्यायालयाच्या वतीने साक्ष नोंदवणारी व्यक्ती) नेमून आईचा उलटतपास घरी घ्यावा, आणि त्याचा खर्च आम्ही भरू. आजारपणामुळे न्यायालयात येऊ न शकणाऱ्या साक्षीदारासाठी ही तरतूद आहेच. आदेश होण्याआधीच मूळ तारीख उजाडली, तर वकिलांनी साक्षीदारांसह हजर राहून अर्ज प्रलंबित असल्याचे रोजनाम्यात नोंदवून घ्यावे. पुरावा एकदा बंद झाला की तो पुन्हा उघडून मागता येतो, के. के. वेलुसामी विरुद्ध एन. पलानीसामी या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे, पण तिथे आधी आपल्या गैरहजेरीचा खुलासा करावा लागतो आणि बहुधा खर्चही भरावा लागतो.