जोंगाचं पुढचं डावं चाक ब्रेक धरून बसतंय, होज पाइप भोसरीत बनवून घेऊ का?

धायरीचा_गडी
नमस्कार मंडळी. वडिलांनी लष्कराच्या लिलावातली जोंगा जीप घेतली होती. ते गेल्यापासून ती मी सांभाळतो. परवा रविवारी सिंहगडावरून उतरताना गाडी डावीकडे ओढायला लागली. दुसऱ्या गिअरमध्ये होतो, वेग काहीच नव्हता. खाली येऊन पाहिलं तर पुढच्या डाव्या ड्रमला हात लाववेना, वर करपल्याचा वास. वीस मिनिटं थांबलो तर चाक आपोआप मोकळं झालं. धायरी येईपर्यंत पुन्हा तेच.

गॅरेजवाल्याने लायनर बदलले, व्हील सिलेंडरचं किट टाकलं, फरक शून्य. आता म्हणतो होज, म्हणजे चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारा रबरी पाइप, बदलू. नाना पेठ पालथी घातली, मिळाला नाही. भोसरीत हायड्रॉलिक होज बनवणारे अर्ध्या तासात दोन्ही टोकांना धातूचे जोड दाबून (क्रिंप करून) देतो म्हणतात, ब्रेकला लागतं त्याच्या दुप्पट प्रेशर सहन करेल म्हणे. घेऊ का? जुना पाइप तर बाहेरून ठणठणीत दिसतो. गाडीत आई बसते, म्हणून विचारतोय.

खडकीचा_मेकॅनिक
तो पाइप घेऊ नका. का ते सांगतो, पण आधी दोष होजचाच आहे का हे पक्कं करा. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, बावीस वर्षं व्हेईकल मेकॅनिक होतो. जोंगा जबलपूरच्या कारखान्यात १९६९ ते १९९९ बनली, म्हणजे तुमची कितीही नवी धरली तरी तिचं मूळ रबर पंचवीस वर्षांच्या पुढचं आहे.

होजच्या आत रबराचं अस्तर असतं, त्यावर सुताची वीण आणि वर बाहेरचं रबर. म्हातारपणी आतलं अस्तर सुटतं, फुगतं. पेडल दाबलं की तुमच्या पायाचा जोर असतो, ऑइल रेटून पुढे जातं. पाय उचलल्यावर ते मागे आणायला फक्त ब्रेक शूची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांची) स्प्रिंग. तिच्याने ते होत नाही. ऑइल चाकात कोंडतं, शू घासत राहतात, ड्रम तापतो, तापलेलं ऑइल फुगून ब्रेक आणखी आवळतो. थांबलात की थेंबथेंब परत झिरपतं. तुमची वीस मिनिटं ती हीच.

तपासायचं असं. गाडी सपाटीवर, मागच्या चाकांना उटी, पुढचं डावं चाक जॅकवर. आणखी एक माणूस हवा. चार-पाच वेळा ब्रेक दाबून सोडायला सांगा, चाक अडकलं की थांबा. लोखंडी पाइप जिथे ब्रॅकेटपाशी होजला मिळतो, तिथला नट अर्धा आटा सैल करा. चाक सुटलं, तर दोष वर आहे, पेडलकडच्या मास्टर सिलेंडरकडे. पेडलला थोडी मोकळी चाल आहे ना ते बघा. ती नसेल तर आतलं परतीचं छिद्र उघडतच नाही, पण तेव्हा बहुधा सगळीच चाकं धरतात. नट सैल करूनही चाक अडकलेलंच राहिलं, तर चाकावरचं हवा काढायचं निपल उघडा. तिथून पिचकारी उडून चाक फिरलं, तर होज. तरीही नाही फिरलं, तर ड्रम उघडा, आत सिलेंडर जाम आहे किंवा अ‍ॅडजस्टर जास्त आवळलाय.

युनिटमध्ये होज हातात घेतला की मी तो क्रिंपच्या अगदी जवळ दोन बोटांत वाकवून बघायचो. सरळ असताना दिसत नाहीत, वाकवल्यावर तिथे केसासारख्या चिरा उघडतात. एका होजला दिसल्या की गाडीचे सगळेच होज बदलायचे. तुम्हीही एकच बदलू नका, जोडीदार त्याच वयाचा आहे. आणि होजला टेप, क्लॅम्प, सोल्युशन असलं काही करू नका. ब्रेकचा होज दुरुस्त होत नाही.

रबर_लॅब_पिंपरी
काकांनी "का" सांगायचं राहिलं, ते मी सांगते, माझं रोजचं काम रबराचंच आहे. भोसरीचा होज प्रेशरला कमी पडणार नाही. पण तो खनिज तेलासाठी बनतो, त्याचं आतलं अस्तर साधारणपणे नायट्राइल रबराचं असतं. आपलं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, त्यात नायट्राइल फुगतं. म्हणजे जो आजार काढताय तोच नवा विकत घ्याल. ब्रेक होजचं अस्तर ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. त्याला उलट पेट्रोल, डिझेल, ग्रीस चालत नाही. गॅरेजवाल्याने नवं किट पेट्रोलने धुतलं नाही ना, नक्की विचारा. विकत घेताना होजवर एसएई जे १४०१ हे ब्रेक होजचं मानक छापलेलं बघा.

विलीज_कोथरूड
होजच्या टोकाचे आटे मोजून घ्या. माझ्या विलीज जीपला तीन-अष्टमांश इंच, इंचाला २४ आटे. जोंगासारख्या जपानी घराण्याच्या गाड्यांत बहुतेक १० मिलिमीटर, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १. इंची नट मिलिमीटरच्या भोकात सैल जातो, दोन-तीन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली निसटतो. जांभळं ऑइल कोणी दिलं तर घेऊ नका, ते सिलिकॉनचं डॉट ५. अमेरिकी लष्कराने ते ऐंशीच्या दशकात घेतलं, पण ग्लायकॉलमध्ये मिसळायचं नसतं.

धायरीचा_गडी
काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल तपासलं. नट सैल केला, चाक हललं नाही. निपल उघडलं, पाना बाजूला ठेवायच्या आत चाक हाताने फिरलं. होजच.

काढलेला पाइप ब्लेडने उभा चिरला. क्रिंपपासून दोन बोटांवर अस्तर सुटून जिभेसारखं आत लोंबत होतं. एका बाजूने फुंकर जाते, दुसऱ्या बाजूने मारली की जीभ भोकावर बसते. वरचं रबर मात्र काळंभोर, चकचकीत.

चाकणकडे फक्त ब्रेक होज बनवणारे सापडले, नमुना देऊन सगळे करून घेतले, जे १४०१ छापलेले. आटे मोजले, १० गुणिले १. तांब्याचे वॉशर नवे टाकले. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, कुठे घासत नाही.

खडकीचा_मेकॅनिक
छान केलंत. हवा मागच्या डाव्या चाकापासून काढा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी उजवं. नंतर इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा आणि आईंना बसवायच्या आधी प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवून बघा.